सोलारिस ८: पासवर्ड घेतो आणि परत लॉगिन स्क्रीनवरच आणून सोडतो, सीडीई (त्याचा डेस्कटॉप) चालूच होत नाही

भोसरी_टूलरूम

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत आमची छोटी टूलरूम आहे, इन्स्पेक्शन माझ्याकडे असतं. एक जुनं सीएमएम (पार्टची मापं तपासायचं मशीन) आहे आणि त्याला सीरियल केबलने सनचा अल्ट्रा १० कॉम्प्युटर जोडलेला आहे, त्यावर सोलारिस ८ ही सनचीच ऑपरेटिंग सिस्टिम, मोजमापाचं सॉफ्टवेअर फक्त त्याच्यावरच चालतं. नवीन घ्यायचं तर कंट्रोलरसकट सगळं बदलावं लागतं आणि तो आकडा ऐकला की आमचे शेठ विषय बदलून चहा मागवतात, त्यामुळे हेच चालवायचंय.

तर झालं असं, मागे ऑफिसचं सगळं नेटवर्क बदललं, नवीन फायरवॉल, नवीन आयपी वगैरे. नेटवर्कवाल्या पोराने सनचा पण आयपी बदलून दिला, रिपोर्ट सर्व्हरवर जायला लागले, सगळे खूश, मशीन तसंच चालू राहिलं आमचं, आम्ही ते बंद करतच नाही. मग गुरुवारी लाइट नव्हती, यूपीएसने मान टाकली आणि मशीन बंद पडलं. परत चालू केल्यापासून हा लोच्या.

लॉगिन स्क्रीन व्यवस्थित येते. पासवर्ड टाकला की तो घेतो (चुकीचा टाकला तर लगेच नाही म्हणतो, म्हणजे तपासतोय), मग ते डेस्कटॉप सुरू होतोय असं लिहिलेलं चित्र येतं, बराच वेळ तसंच लटकतं आणि मग एक चौकट येते की डीटी मेसेजिंग सिस्टिम सुरू करता आली नाही. त्यात लिहिलंय की होस्टनेम या तीन फाइलींत बरोबर आहे का बघा: /इटीसी/एसआरसी.एसएच, /इटीसी/होस्ट्स आणि /यूएसआर/एडीएम/आयनेटडी.सेक. ओके दाबलं की परत लॉगिन स्क्रीन. रूटने पण तेच.

फॉरमॅट सांगू नका प्लीज, त्या सॉफ्टवेअरची सीडी कुणाकडेच नाहीये. सोमवारी एका पार्टीचे फिक्श्चर मोजून द्यायचेत.

निगडी_लिनक्सवाला

ग्राफिक्स कार्ड गंडलं असेल भावा, जुन्या मशीनला होतं असं. नाहीतर सरळ एक उबुंटू टाक आणि वाइनमध्ये चालव ते सॉफ्टवेअर, एवढं जुनं कोण वापरतं आता.

सदाशिवपेठी_रूट

ग्राफिक्स कार्ड गेलं असतं तर लॉगिन स्क्रीन काय आकाशातून पडली? ती पण एक्सच्याच (स्क्रीनवर खिडक्या दाखवणाऱ्या सिस्टिमच्या) जिवावर दिसते ना. आणि विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या वाइनमध्ये सनच्या स्पार्क प्रोसेसरचं सोलारिस सॉफ्टवेअर चालतं ही बातमी आम्हालाही नवीन आहे.

भोसरीकर, सॉफ्टवेअर सुखरूप आहे, डेस्कटॉप पण सुखरूप आहे, घाबरू नका. तुमच्या पोस्टमध्ये दोन गोष्टी फार कामाच्या आहेत. एक, रूटने पण तेच होतंय. एकाच यूजरला होत असतं तर मी त्याच्या होम फोल्डरच्या मागे लागलो असतो, परमिशन, भरलेली डिस्क, प्रोफाइलमध्ये कुणीतरी घातलेली एसटीटीवायची ओळ, असलं काहीतरी. सगळ्यांनाच होतंय म्हणजे गडबड मशीनच्या पातळीवर आहे. दुसरी, आयपी बदलला तेव्हा काही झालं नाही आणि रीबूट झाल्यावर झालं.

आता हे होतं कसं ते सांगतो, म्हणजे आंधळेपणाने फाइली बदलणार नाही. पासवर्ड बरोबर आला की डीटीलॉगिन तुमच्यासाठी एक्ससेशन नावाची स्क्रिप्ट चालवतो, तिच्यातून टीटीसेशन उठतो, डीटीसेशन उठतो, मग विंडो मॅनेजर डीटीडब्ल्यूएम आणि खालची ती पट्टी. यातला टीटीसेशन म्हणजे टूलटॉक, सीडीईतले प्रोग्राम एकमेकांशी त्याच्यामार्फत बोलतात आणि ते बोलणं आरपीसीने, म्हणजे नेटवर्कच्या वाटेने चालतं, भले दोघेही त्याच मशीनवर का असेनात. त्यासाठी मशीन आधी स्वतःचं नाव काय ते बघतं, त्या नावाचा आयपी होस्ट्स फाइलमध्ये शोधतं आणि त्या आयपीवर हाक मारतं. सोसायटीच्या वॉचमनच्या वहीत तुमचा जुनाच फ्लॅट नंबर असला तर पाहुणा रिकाम्या घराची बेल वाजवत बसतो, तसं चाललंय. ते जे बराच वेळ लटकतं म्हणताय ना, ती बेल आहे.

तुमचं आधीचं सेशन चालू होतं तेव्हा टीटीसेशन आधीच उठलेला होता, म्हणून आयपी बदलूनही धकून गेलं.

त्या चौकटीतल्या तीन फाइलींपैकी दोन तुमच्याकडे सापडणार नाहीत, शोधत बसू नका. सीडीई ही १९९३ साली एचपी, आयबीएम, सन वगैरे मंडळींनी एकत्र येऊन काढलेली टूम, आणि आयनेटडी.सेक ही एचपी-यूएक्सची फाइल आहे. एचपीवाल्यांचा मेसेज सोलारिसवर पण तसाच राहिलाय, कुणी बदलायची तसदी घेतली नाही. तुमच्या कामाची फक्त होस्ट्स.

आता आत शिरायचं कसं. लॉगिन स्क्रीनवर ऑप्शन्सचं बटन आहे, त्यात सेशनमध्ये फेलसेफ सेशन निवडा आणि लॉगिन करा. डेस्कटॉप येणार नाही, नुसती एक टर्मिनलची खिडकी येईल, माउस खिडकीवर नेऊनच टाइप करा नाहीतर वाटेल कीबोर्ड पण गेला. त्याच मेनूत कमांड लाइन लॉगिन पण आहे, ते घेतलं तरी चालेल. आत गेलात की काही बदलू नका, फक्त हे चालवा आणि काय येतं ते इथे टाका:

युनेम -एन
आयएफकॉन्फिग -ए
कॅट /इटीसी/इनेट/होस्ट्स
कॅट /इटीसी/होस्टनेम.एचएमई०
ग्रेप होस्ट्स /इटीसी/एनएसस्विच.कॉन्फ
आरपीसीइन्फो -पी

भोसरी_टूलरूम

काका (काकाच म्हणतो, चालेल ना) फेलसेफने आत गेलो, खिडकी आली. हे बघा, हाताने उतरवून टाकतोय.

युनेमला गेज१ आलं. आयएफकॉन्फिगमध्ये एलओ० ला १२७.०.०.१ आणि एचएमई० ला १०.१०.४.२५, नेटमास्क एफएफ०००००० असं दाखवतोय.

होस्ट्स फाइलमध्ये दोनच ओळी:
१२७.०.०.१ लोकलहोस्ट
१९२.१६८.१.२० गेज१ लॉगहोस्ट

होस्टनेम.एचएमई० मध्ये नाव नाहीये, थेट १०.१०.४.२५ लिहिलंय. एनएसस्विचमध्ये होस्ट्सपुढे फाइल्स डीएनएस आहे. आरपीसीइन्फोने मोठी यादी दिली, त्यात १००००० पण आहे आणि १०००८३ पण आहे.

सदाशिवपेठी_रूट

चालेल, इथे सगळे काकाच म्हणतात.

सापडलं की. आरपीसीबाइंड, म्हणजे आरपीसीच्या सर्व्हिसेसची नोंद ठेवणारा, चालू आहे (१००००० म्हणजे तोच, १०००८३ म्हणजे टूलटॉकचा डेटाबेस सर्व्हर), तिकडे बघायला नको. नाव शोधायचा क्रम पण बरोबर आहे, आधी फाइल मग डीएनएस. उलटं असतं तर डीएनएस सर्व्हर गप्प बसला की असंच लटकतं, म्हणून विचारलं.

खरी गोम होस्टनेम.एचएमई० मध्ये आहे. सोलारिसमध्ये त्या फाइलीत मशीनचं नाव असतं आणि बूट होताना त्या नावाचा आयपी होस्ट्समधून उचलला जातो, म्हणजे आयपी एकाच ठिकाणी लिहिलेला राहतो. तुमच्या पोराने तिथे सरळ आकडे टाकले, ते चालतं, कार्डाला नवा आयपी मिळाला, पिंग लागलं, त्याचं काम झालं. पण गेज१ हे नाव अजून जुन्याच पत्त्यावर. खात्री करायची तर पिंग गेज१ करून बघा, नो आन्सर म्हणेल.

आणि तो नेटमास्क पण चुकलाय. १० ने सुरू होणारा पत्ता दिसला आणि नेटमास्क्स फाइलीत काही लिहिलेलं नसलं की सोलारिस अख्खा क्लास ए धरतो, म्हणजे १० मधलं सगळं जग त्याला शेजारीच वाटतं. आत्ता सर्व्हर तुमच्याच रेंजमध्ये असेल म्हणून चालतंय, उद्या १०.१०.७ मध्ये हलवला की रिपोर्ट जायचे बंद. नेटवर्कवाल्याला मास्क विचारून घ्या, मी २५५.२५५.२५५.० धरून चाललोय.

फेलसेफमध्ये एसयू करून रूट व्हा. आधी ज्या फाइलींना हात लावणार त्यांच्या प्रती काढा, .जुनी असं शेपूट लावून, पण होस्टनेमवाल्या फाइलीची प्रत /इटीसी मध्ये ठेवू नका हं, बूट होताना होस्टनेम. ने सुरू होणारी प्रत्येक फाइल तो एक नेटवर्क कार्ड समजतो. ती रूटच्या फोल्डरात नेऊन ठेवा. मग होस्ट्समध्ये १९२.१६८.१.२० च्या जागी १०.१०.४.२५ करा, बाकी ओळ तशीच, लॉगहोस्ट काढू नका. लोकलहोस्टच्या ओळीला अजिबात हात नको. होस्टनेम.एचएमई० मध्ये आकडे काढून गेज१ लिहा. नेटमास्क्समध्ये १०.१०.४.० आणि पुढे २५५.२५५.२५५.० अशी ओळ घाला. डीफॉल्टराउटर फाइल पण बघा, तिथे जुना गेटवे असणार. होस्ट्स फाइल रीड-ओन्ली असते, व्हीआयमध्ये सेव्ह करताना डब्ल्यूक्यूच्या पुढे उद्गारचिन्ह लावा नाहीतर तो ऐकणार नाही.

मशीनचं नाव बदलायच्या फंदात मात्र पडू नका, कुणी कितीही सांगितलं तरी. अशा जुन्या मोजमापाच्या आणि कॅडच्या सॉफ्टवेअरांचं लायसन्स बऱ्याचदा फ्लेक्सएलएमचं असतं, त्याच्या फाइलीत पहिल्याच ओळीत मशीनचं नाव आणि होस्टआयडी असतो. डेस्कटॉप येईल आणि सॉफ्टवेअर उघडणार नाही, मग रडत बसाल.

झालं की पिंग गेज१, तो अलाइव्ह म्हणाला की इनिट ६. पॉवरचं बटन दाबून बंद करू नका, आधीच एकदा लाइटने आपटलंय ते.

कोथरूड_जुनंतेसोनं

मध्येच बोलतो, काकांनी सांगितलंय ते शंभर टक्के. मी घरी डेबियनवर हौस म्हणून सीडीई टाकलीये (२०१२ ला ती ओपन सोर्स झाली, तेव्हापासून लिनक्सवर, फ्रीबीएसडीवर चालते) आणि मला पण हीच चौकट आली होती, अगदी त्याच तीन फाइलींसकट. माझ्याकडे आरपीसीबाइंडच बसवलेला नव्हता, तो टाकून चालू केला आणि डेस्कटॉप उठला. म्हणजे कुणी हा धागा नवीन मशीनसाठी वाचत असेल तर दोन गोष्टी बघा, आरपीसीबाइंड चालू आहे का आणि मशीनचं नाव पिंग होतंय का. नवीन केडीई, एक्सएफसीईवाल्यांना हे लागू नाही, त्यांचा संवाद डी-बसवरून चालतो, तिथे मेसेज वेगळे, दुखणं वेगळं.

भोसरी_टूलरूम

काका रूटने डेस्कटॉप आला!!! ती खालची पट्टी बघून इतका आनंद होईल असं वाटलं नव्हतं. पिंगने पण गेज१ अलाइव्ह सांगितलं.

पण आता नवीनच. आमचं जे रोजचं अकाउंट आहे ऑपरेटर, त्याने अजून होत नाहीये. पण आता चौकट येत नाही, पासवर्ड घेतो, स्क्रीन एक क्षण काळी आणि परत लॉगिन. रूटनेच सॉफ्टवेअर चालवू का मग? सोमवारचं काम तरी निघेल.

सदाशिवपेठी_रूट

नको. रूटने चालवलंत की रिपोर्टच्या, सेटिंगच्या फाइली रूटच्या मालकीच्या होऊन बसतात आणि मग ऑपरेटरला त्या उघडता येत नाहीत, एकाचे दोन प्रॉब्लेम.

आता रूटला होतंय आणि ऑपरेटरला नाही, म्हणजे प्रश्न ऑपरेटरच्या घरात आहे. चौकट न येता परत फेकतोय म्हणजे सेशन सुरू होऊन लगेच मरतंय. ऑपरेटरने फेलसेफ घ्या आणि बघा:

डीएफ -के
एलएस -एलडी . .डीटी .एक्सऑथॉरिटी
टेल .डीटी/स्टार्टलॉग

स्टार्टलॉगमध्ये लॉगिनची गोष्ट क्रमाने लिहिलेली असते, जिथे थांबली तिथे घोटाळा. त्यात काही नसेल तर रूटने /व्हार/डीटी/एक्सएरर्स बघा. आणि /टीएमपीची परमिशन शेवटी टी आहे का तेही बघून घ्या, कुणी शहाण्याने बदलली असेल तर एक्स रुसतो.

भोसरी_टूलरूम

डीएफमध्ये /एक्सपोर्ट/होम समोर १००% दिसतंय, बाकी सगळे पन्नास-साठ. मालकी सगळीकडे ऑपरेटरच आहे, /टीएमपीला टी आहे. स्टार्टलॉग उघडला तर रिकामाच आहे, शून्य बाइट. मग रूटला कसं चाललं, डिस्क तर एकच आहे ना?

सदाशिवपेठी_रूट

डिस्क एक पण पार्टिशन वेगळी. सोलारिस ८ मध्ये रूटचं घर म्हणजे सरळ / असतं, त्याला /एक्सपोर्ट/होमशी देणंघेणं नाही. स्टार्टलॉग शून्य बाइट हाच पुरावा, लिहायला जागाच नव्हती. सीडीई लॉगिन होताना .डीटी मध्ये लॉग लिहिते, सेशनची माहिती लिहिते, .एक्सऑथॉरिटीत चावी लिहायची असते, आणि यातलं काहीच लिहिता आलं नाही की गाशा गुंडाळून परत जाते.

रूट होऊन हे करा: फाइंड /एक्सपोर्ट/होम -साइझ +२०००० -प्रिंट. ते आकडे ५१२ बाइटच्या ब्लॉकमध्ये आहेत म्हणजे साधारण १० एमबीच्या वरच्या फाइली दिसतील. कोअर नावाच्या फाइली सापडल्या तर त्या सॉफ्टवेअर क्रॅश झालं तेव्हाच्या आहेत, फाइल कोअर केलं की कुठल्या प्रोग्रामची ते कळेल, मग उडवा. रिपोर्ट आणि पार्ट प्रोग्राम उडवू नका, ते दुसरीकडे हलवा.

विमाननगर_फायरवॉल

विषय थोडा सोडून पण महत्त्वाचं आहे म्हणून लिहितोय. हे मशीन नवीन फायरवॉलच्या आत सगळ्यांच्या नेटवर्कवरच आहे का? सोलारिस ८ ला आता कुठलेही पॅच येत नाहीत, आणि सीडीईच्या सर्व्हिसेस सुरक्षेच्या बाबतीत फार बदनाम आहेत, टूलटॉकचा डेटाबेस सर्व्हर, कॅलेंडरचा सीएमएसडी, आणि सगळ्यात वाईट म्हणजे डीटीएसपीसीडी, पोर्ट ६११२, ज्याच्यावर २००१ मध्ये सर्टने (सुरक्षेचे इशारे देणारी संस्था) इशारा काढला होता आणि लोकांनी त्यातून मशीनं फोडली पण होती. आयनेटडी.कॉन्फमध्ये डीटीएसपीसी आणि सीएमएसडीच्या ओळींपुढे हॅश टाका आणि आयनेटडीला एचयूपी सिग्नल द्या, एका सीएमएमला त्यांची गरज नाही. टेलनेट, एफटीपी पण बघा.

सदाशिवपेठी_रूट

बरोबर आहे, फक्त एक. उत्साहाच्या भरात आरपीसीबाइंड बंद करू नका, नाहीतर परत तीच चौकट आणि परत हाच धागा. मशीनच वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात) टाका, फक्त रिपोर्ट सर्व्हरकडे रस्ता उघडा, इंटरनेट अजिबात नको. मात्र व्हीलॅन बदलताना आयपी बदलला तर होस्ट्समध्ये बदलायचा, कुठे ते आता पाठ झालं असेल. त्या पोराला पण सांगा.

भोसरी_टूलरूम

झालं!! दोन कोअर फाइली होत्या, चांगल्या दांडग्या, आणि एका फोल्डरमध्ये प्रिंटसाठी बनलेल्या फाइली साचलेल्या. कोअर उडवले, प्रिंटच्या सर्व्हरवर हलवल्या, आता ७१% दाखवतोय. ऑपरेटरने लॉगिन झालं, सॉफ्टवेअर उघडलं, लायसन्सने पण कटकट केली नाही, मास्टर बॉल मोजून बघितला, रीडिंग बरोबर. सोमवारच्या आधी सुटलो.

शेठना सांगितलं तर म्हणाले आता याचा बॅकअप घेऊन ठेव, मग हे मशीन गेलं तरी दुसऱ्यावर टाकता येईल. असं होतं का? जुन्या बाजारात वगैरे अजून एक अल्ट्रा १० मिळाला तर?

सदाशिवपेठी_रूट

बॅकअप घ्याच, ते आधीच व्हायला हवं होतं. सिंगल यूजरमध्ये जाऊन प्रत्येक पार्टिशनचा यूएफएसडंप काढा, ० लेव्हल, म्हणजे अख्खा. अल्ट्रा १० ची डिस्क साधी आयडीई आहे, एससीएसआय नाही, त्यामुळे डिस्क काढून दुसऱ्या पीसीला लावून डीडीने अख्खी प्रत पण काढता येते. मी तर दोन्ही करेन.

पण दुसऱ्या मशीनवर नुसती डिस्क लावून भागणार नाही. होस्टआयडी डिस्कवर नसतो, मदरबोर्डवर एक एनव्हीरॅमची चिप असते तिच्यात असतो, इथरनेटचा मॅक ॲड्रेस पण तिथेच. त्या चिपच्या पोटातच बॅटरी आहे आणि तुमचं मशीन बघता ती म्हातारी झालेली असणार. ती मेली की मशीन चालू होताना आयडीप्रॉमचा मजकूर चुकीचा आहे म्हणून ओरडतं, होस्टआयडी जातो आणि त्याच्यावर बांधलेलं लायसन्स पण जातं. तर आत्ता, मशीन चालतंय तोवर, होस्टआयडी कमांड चालवून येईल तो आकडा आणि आयएफकॉन्फिगमधला मॅक ॲड्रेस (रूटने चालवलं तरच दिसतो) कागदावर लिहून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा. हे दोन्ही हातात असले की नवीन चिपमध्ये ओके प्रॉम्प्टवरून (सोलारिस बूट व्हायच्या आधीचा) परत भरता येतात. लायसन्सच्या फाइलीची प्रत पण वेगळी ठेवा.

जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी चक्कर मारा, पण अख्ख्या मशीनपेक्षा आयडीई डिस्क आणि सनचा कीबोर्ड मिळाला तर आधी तो उचला. कीबोर्ड जोडलेला नसला तर हे मशीन स्क्रीनवर काही दाखवतच नाही, सगळं सीरियल पोर्टवर ढकलतं, आणि तुमचा सीरियल तर सीएमएमला अडकलाय.